विश्लेषण : परदेशात आरोग्य स्वयंसेवक व्हायचे आहे? पदवीइतकेच तिथले रीतिरिवाज कळणे का महत्त्वाचे?

एमबीबीएस, नर्सिंग किंवा सार्वजनिक आरोग्याची पदवी हाती आली की अनेक तरुणांच्या मनात एकदा तरी विचार येतो : काही महिने आफ्रिकेत किंवा एखाद्या युद्धग्रस्त देशात जाऊन काम करावे का? सेवा घडेल, अनुभव मिळेल आणि एक वेगळा देश आतून पाहता येईल. हेतू चांगलाच असतो. पण परक्या गावात औषधे घेऊन उतरलेल्या माणसावर गावाने विश्वास का ठेवावा, याचे उत्तर पदवीच्या कागदावर लिहिलेले नसते. 2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली, तेव्हा हे उत्तर शोधायला उशीर झाला. त्याची किंमत रुग्णांनी, त्यांच्या नातेवाईकांनी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनीही मोजली. त्या साथीत नेमके काय घडले, त्यातून जग काय शिकले आणि आज परदेशी जाऊ इच्छिणाऱ्याने काय तपासावे, याचा हा आढावा.

आरोग्य स्वयंसेवक म्हणजे नेमके कोण?

स्वयंसेवक म्हणजे फुकट काम करणारा, असा आपल्याकडे समज आहे. आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये तसे नसते. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम 1970 मध्ये आमसभेच्या ठरावाने सुरू झाला, त्याचे मुख्यालय जर्मनीतील बॉन येथे आहे. त्यातून परदेशी गेलेल्या स्वयंसेवकाला पगार नसला तरी राहण्या-खाण्यापुरता निर्वाह भत्ता, प्रवासखर्च आणि विमा मिळतो. 1971 मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आणि 1999 मध्ये शांततेचे नोबेल मिळवणाऱ्या ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेतही माफक मानधन दिले जाते.

अमेरिकेने 1961 मध्ये सुरू केलेली ‘पीस कोअर’ ही वेगळ्या धर्तीची योजना आहे. तिचा स्वयंसेवक साधारण तीन महिने प्रशिक्षण आणि त्यानंतर दोन वर्षे काम करतो. प्रशिक्षणाच्या काळात त्याला बहुतेकदा स्थानिक कुटुंबात राहावे लागते. भाषा, जेवणखाण, मोठ्यांशी बोलण्याची रीत हे सगळे तो त्या घरात शिकतो. मात्र ही योजना फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे.

या सर्वांपेक्षा वेगळा चौथा प्रकार म्हणजे पैसे भरून एक-दोन आठवड्यांसाठी केलेली ‘सेवा सहल’. वाद होतो तो मुख्यतः याच प्रकारावरून. त्याकडे पुढे येऊ.

इबोलाच्या साथीचा रूढींशी काय संबंध?

ही साथ डिसेंबर 2013 मध्ये गिनी देशातील एका खेड्यातून सुरू झाली. तिथून ती लायबेरिया आणि सिएरा लिओन या शेजारी देशांत पसरली. 8 ऑगस्ट 2014 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली. 2016 मध्ये साथ संपली तोवर 28 हजार 600 हून अधिक जणांना लागण झाली होती आणि 11 हजार 300 हून अधिक मृत्यू नोंदले गेले होते.

इबोला हवेतून पसरत नाही. रुग्णाचे रक्त, उलटी, घाम अशा द्रवांच्या थेट संपर्कातून तो पसरतो. मृत्यूच्या वेळी शरीरातील विषाणूंचे प्रमाण सर्वाधिक असते, म्हणजे मृतदेह हाताळणे हे सर्वात धोक्याचे काम. आणि या तिन्ही देशांत मृताला घरच्यांनी स्वतःच्या हाताने अंघोळ घालणे, स्पर्श करून निरोप देणे ही अंत्यसंस्काराची मुख्य रीत. विषाणूला पसरायला हवी असलेली नेमकी वाट आणि माणसांची सर्वात हळवी चालीरीत एकाच ठिकाणी येऊन मिळाली.

सिएरा लिओनमध्ये साथ कशी वाढली, याचा माग काढताना तपास एका अंत्ययात्रेपर्यंत पोहोचला. सीमेजवळच्या एका गावात पारंपरिक उपचार करणारी एक प्रसिद्ध वैदू स्त्री इबोलाने गेली. गिनीतून येणाऱ्या रुग्णांवर ती उपचार करत होती. तिच्या अंत्यविधीला आसपासच्या गावांतून लोक लोटले. त्या एका अंत्यविधीशी 365 पर्यंत मृत्यूंचा संबंध जोडता येईल, असा अंदाज स्थानिक आरोग्य यंत्रणेच्या प्राथमिक तपासातून पुढे आला.

लोकांनी आरोग्य पथकांना विरोध का केला?

सुरुवातीच्या पथकांचा संदेश वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होता : मृतदेहाला हात लावू नका, आम्ही घेऊन जातो. पण गावाला दिसत होते ते असे. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, चेहरा न दिसणारी अनोळखी माणसे गाडीतून उतरतात, घरावर औषध फवारतात आणि माणसाला उचलून नेतात. तो परत येत नाही. मृतदेहही मिळत नाही. कबर कुठे आहे, तेही कळत नाही.

त्यावर अफवा उठल्या नसत्या तरच नवल. फवारणीतूनच रोग पसरतो, उपचार केंद्रात अवयव काढून घेतले जातात, असे बोलले जाऊ लागले. लोक रुग्ण लपवू लागले, रात्री गुपचूप दफन करू लागले. सप्टेंबर 2014 मध्ये आग्नेय गिनीतील वोमे गावात जनजागृतीसाठी गेलेल्या पथकावर जमावाने हल्ला केला. आरोग्य अधिकारी आणि पत्रकारांसह आठ जणांचे मृतदेह नंतर सापडले.

या अविश्वासाला पार्श्वभूमीही होती. लायबेरिया आणि सिएरा लिओन हे दोन्ही देश प्रदीर्घ यादवी युद्धातून नुकतेच सावरत होते. सरकारी गाडी, गणवेश आणि नाकाबंदी यांचा लोकांचा अनुभव चांगला नव्हता. बाहेरून आलेल्या डॉक्टरला हा इतिहास ठाऊक नसेल, तर समोरच्याचा नकार त्याला निव्वळ अडाणीपणा वाटतो.

लायबेरियात दहनाचा निर्णय का उलटला?

मराठी वाचकाने थांबून विचार करावा अशी घटना लायबेरियात घडली. राजधानी मोनरोव्हियात मृतदेह पुरायला जागा मिळेना. आपल्या वस्तीजवळ इबोलाचे मृतदेह पुरण्यास लोकांचा विरोध होता. त्यामुळे ऑगस्ट 2014 मध्ये सरकारने मृतदेहांचे दहन करण्याचा आदेश काढला. दहनाची सोय होती ती तिथल्या भारतीय समाजाच्या दहनभूमीत. तीच वापरात आली.

आपल्याकडच्या बहुसंख्यांसाठी अग्निसंस्कार हा सन्मानाचा निरोप. लायबेरियातील कुटुंबांसाठी मात्र आपल्या माणसाला जाळणे ही विटंबना होती. त्या देशात दरवर्षी मार्चमधील दुसऱ्या बुधवारी ‘डेकोरेशन डे’ची राष्ट्रीय सुटी असते. त्या दिवशी लोक पूर्वजांच्या कबरी साफ करतात, रंगवतात, फुले वाहतात. कबरच नसेल तर त्या दिवशी जायचे कुठे?

परिणाम उलटा झाला. दहन टाळण्यासाठी लोक आजारी माणसालाच लपवू लागले. आजारपण कळवले तर उद्या राखही हाती येणार नाही, ही भीती आजाराच्या भीतीपेक्षा मोठी ठरली. अखेर 2014 च्या अखेरीस मोनरोव्हियाबाहेर डिस्को हिल येथे सुरक्षित दफनासाठी जागा सुरू झाली आणि सक्तीचे दहन थांबले.

हे फक्त आफ्रिकेत घडते, असे समजण्याचे कारण नाही. करोनाची साथ सुरू झाली तेव्हा 30 मार्च 2020 रोजी मुंबई महापालिकेने, धर्म कोणताही असो, करोनाने मृत्यू झालेल्या सर्वांचे दहनच करावे असे परिपत्रक काढले होते. टीका झाल्यावर काही तासांतच त्यात बदल करावा लागला. त्याआधीच केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने दिलेल्या सूचनांत, मृतदेहाला स्पर्श न करता होणारे विधी आणि पिशवीची चेन उघडून नातेवाईकांना चेहरा दाखवण्यास मुभा होती. निरोप घेऊ देणे ही सवलत नसून साथ नियंत्रणाचाच भाग आहे, हे तोवर जगाने पश्चिम आफ्रिकेत पाहिले होते.

मग मार्ग कसा निघाला?

नोव्हेंबर 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अंत्यविधीचे नवे नियम जाहीर केले. नव्या संसर्गांपैकी किमान 20 टक्के संसर्ग दफनविधीच्या वेळी होतात, असे संघटनेने तेव्हा म्हटले होते. नियमांच्या नावातच बदल दिसतो : ‘सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफन’. ते तयार करताना डॉक्टरांबरोबर मानववंशशास्त्रज्ञ आणि मुस्लीम व ख्रिस्ती धार्मिक संस्थांचे प्रतिनिधीही बसले होते.

बदल साधे होते. पथकाने गावात गेल्या गेल्या संरक्षक पोशाख चढवायचा नाही. आधी साध्या कपड्यांत कुटुंबाला भेटायचे, सांत्वन करायचे, काय करणार ते सांगायचे आणि संमती घ्यायची. मुस्लीम कुटुंब असेल तर पाण्याने अंघोळ घालण्याऐवजी ‘तयम्मुम’ म्हणजे पाण्याविना शुद्धीचा विधी आणि पांढरे कफन. ख्रिस्ती कुटुंब असेल तर प्रार्थनेसाठी वेळ. कबर कुठे खणायची, यात कुटुंबाचे मत. कबरीवर नाव.

कधी कधी यापेक्षाही पुढे जावे लागले. गिनीतील किसी समाजात गर्भवती स्त्रीचा मृत्यू झाला तर गर्भ वेगळा काढूनच तिला पुरण्याची प्रथा आहे. तसे न केल्यास गावावर संकट येते, अशी श्रद्धा. इबोलाने गेलेल्या अशा स्त्रीच्या बाबतीत ही शस्त्रक्रिया म्हणजे करणाऱ्याचा जीव धोक्यात घालणे. गाव ऐकेना, डॉक्टर मानेनात. तेव्हा मानववंशशास्त्रज्ञांनी गावातील जाणत्यांशी बोलून परंपरेतच उत्तर शोधले. झालेल्या चुकीचे परिमार्जन करणारा एक जुना विधी त्याच समाजात होता. तो करण्यात आला आणि स्त्रीचे सुरक्षित दफन झाले. विषाणूशी तडजोड झाली नाही आणि श्रद्धेचा अपमानही झाला नाही.

उपचार केंद्रांतही बदल झाले. उंच, आतले काही न दिसणाऱ्या कुंपणांऐवजी कमी उंचीची जाळीची कुंपणे आली. नातेवाईक सुरक्षित अंतरावरून आपल्या माणसाला पाहू आणि त्याच्याशी बोलू लागले. लायबेरियात अमेरिकी कलाकार मेरी बेथ हेफरनन यांच्या उपक्रमात कर्मचाऱ्यांच्या संरक्षक पोशाखावर त्यांचा हसरा फोटो चिकटवण्यात आला, म्हणजे रुग्णाला आत कोण आहे ते कळावे. पुढे 2018 ते 2020 दरम्यान काँगोतील साथीत ‘अलिमा’ या संस्थेने पारदर्शक भिंतींच्या खोल्या वापरल्या. त्यांत रुग्णाला कुटुंब दिसत राहते.

यात परदेशी स्वयंसेवकांचा वाटा किती?

मदतीला अनेक देशांतून लोक आले. क्युबाने ऑक्टोबर 2014 मध्ये सिएरा लिओनला 165 डॉक्टर व नर्स पाठवले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेतील कर्मचारी स्वेच्छेने गेले. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ तर आधीपासून तिथे होती आणि साथ हाताबाहेर जात असल्याचा इशारा तिनेच सर्वात आधी दिला होता.

पण कामाचा आणि धोक्याचा सर्वात मोठा भार स्थानिकांनी उचलला. तिन्ही देशांत मिळून 500 हून अधिक आरोग्य कर्मचारी या साथीत गेले. त्यातील बहुतेक त्याच देशांचे होते. सिएरा लिओनमधील केनेमा रुग्णालयाचे डॉ. शेख उमर खान हे विषाणूजन्य तापाचे देशातील आघाडीचे तज्ज्ञ. रुग्णांवर उपचार करता करता त्यांनाच लागण झाली आणि 29 जुलै 2014 रोजी त्यांचा मृत्यू झाला. सुरक्षित दफनाचे काम करणारे रेडक्रॉसचे स्वयंसेवक बहुतांश त्याच भागातील तरुण होते. ‘मृतदेहांना हात लावणारे’ म्हणून अनेकांना शेजाऱ्यांनी, काहींना घरच्यांनीही दूर ठेवले.

परदेशी स्वयंसेवक काही महिन्यांनी विमानात बसून परततो. स्थानिक नर्सला त्याच वस्तीत राहायचे असते. हा फरक जो लक्षात ठेवतो, तो हाताखालच्या माणसांशी वेगळ्या पद्धतीने बोलतो.

रोजच्या व्यवहारात काय शिकावे लागते?

मोठ्या गोष्टींइतक्याच छोट्या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. सिएरा लिओनची राजभाषा इंग्रजी असली तरी लोकांच्या तोंडी असते ती क्रिओ. भेटल्यावर ‘कुशे’ म्हणायचे आणि मग विचारायचे, ‘आउ दी बॉडी?’ म्हणजे शब्दशः ‘शरीर कसे आहे?’ ही रोजची विचारपूस आहे. ती न करता थेट ‘काय होतंय?’ असे विचारणारा डॉक्टर उद्धट वाटतो. आपल्याकडे गावात गेल्यावर ‘काय पाऊसपाणी?’ न विचारता थेट कामाचे बोलणाऱ्या साहेबाबद्दल जे वाटते, तेच.

तिथे भात हेच जेवण. बाकी कितीही खाल्ले तरी भात पोटात गेला नाही तर जेवण झाले असे कोणी मानत नाही. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. कसाव्याच्या पानांची भाजी आणि भात एकाच मोठ्या थाळ्यातून सगळ्यांनी मिळून खाण्याची पद्धत आहे. खाणे, देणे-घेणे उजव्या हाताने. गावात काम सुरू करण्यापूर्वी तिथल्या प्रमुखाला भेटून परवानगी घ्यायची. सिएरा लिओनमध्ये ‘पॅरामाउंट चीफ’ हे पद कायद्याने मान्य आहे. इबोलाच्या काळात या प्रमुखांनी आपापल्या भागात नियम लागू केल्यावर लोकांनी ते मानले, कारण नियम घालणारा त्यांचा माणूस होता.

साथीत मात्र हस्तांदोलन, मिठी, एका थाळीतले जेवण हे सगळेच बंद करावे लागले. ‘एबीसी’ म्हणजे ‘अव्हॉइड बॉडी कॉन्टॅक्ट’ हा परवलीचा शब्द झाला. हस्तांदोलनाच्या शेवटी एकमेकांच्या बोटांची चुटकी वाजवण्याची लायबेरियाची लाडकी लकबही थांबली. लोकांकडून आपण नेमके काय काढून घेत आहोत, याची जाणीव असलेला आरोग्य कर्मचारी हेच नियम सांगताना आवाज चढवत नाही.

महाराष्ट्रातील कोणाचे उदाहरण आहे?

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1938 मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनने भारताकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी यांच्यासह त्यात अठ्ठावीस वर्षांच्या आतले, नुकतेच वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलेले कोटणीस होते.

कोटणीस चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. पथकातील डॉक्टरांनी आपल्या नावांच्या चिनी रूपांत ‘हुआ’ म्हणजे चीन हे अक्षर जोडून घेतले होते. कोटणीस तिथे ‘के दिहुआ’ झाले. 1941 मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी त्यांनी कुओ छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले ‘यिनहुआ’, म्हणजे भारत-चीन. 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्याने वयाच्या 32 व्या वर्षी त्यांचे चीनमध्येच निधन झाले. 1946 मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला.

चीनमध्ये आजही त्यांचे स्मारक आहे, ते त्यांनी केलेल्या शस्त्रक्रियांमुळे आहेच. पण त्या काळात शस्त्रक्रिया करणारे परदेशी डॉक्टर इतरही होते. कोटणीसांना तिथल्या लोकांनी आपले मानले, कारण ते त्यांच्या भाषेत बोलले आणि त्यांच्यात राहिले.

दोन आठवड्यांच्या ‘सेवा सहली’ला आक्षेप का?

मुख्य आक्षेप तीन आहेत. पहिला, रुग्णाची सुरक्षितता. स्वतःच्या देशात ज्याला टाके घालण्याची परवानगी नाही, तो विद्यार्थी गरीब देशात जाऊन ते करतो. युगांडात एका परदेशी संस्थेच्या कुपोषण केंद्राविरुद्ध 2019 मध्ये न्यायालयात दावा दाखल झाला. वैद्यकीय पात्रता नसताना मुलांवर उपचार केल्याचा त्यात आरोप होता. 2020 मध्ये जबाबदारी मान्य न करता तडजोड होऊन ते प्रकरण मिटले. पण ‘हेतू चांगला होता’ हे उत्तर पुरेसे आहे का, हा प्रश्न त्यानंतर जगभर विचारला गेला.

दुसरा, पाठपुरावा. रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या शिबिरात वाटल्या, पुढे कोण देणार? शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळली तर पाहणार कोण? तिसरा, भार. पाहुण्यांची राहण्याची सोय, दुभाषी, ओळख करून देणे यात आधीच अपुऱ्या असलेल्या स्थानिक कर्मचाऱ्यांचा वेळ जातो.

मोठ्या संस्थाही चुकांपासून मुक्त नाहीत. काँगोतील इबोला मोहिमेदरम्यान मदतकार्यातील लोकांनी स्थानिक महिलांचे लैंगिक शोषण केल्याचे आरोप झाले. त्याची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र आयोगाने सप्टेंबर 2021 च्या अहवालात 83 संशयितांचा उल्लेख केला. त्यातील 21 जण जागतिक आरोग्य संघटनेचे कर्मचारी होते. परदेशी ओळखपत्र गळ्यात असलेल्या माणसाकडे नोकरी, पैसा आणि औषध देण्याची ताकद असते. त्या ताकदीवर लगाम नसेल तर सेवेचे शोषण व्हायला वेळ लागत नाही. म्हणून संस्थेची तक्रार यंत्रणा कशी आहे, हे विचारणे आगाऊपणा नाही.

भारतीयांना संधी कुठे आहेत?

संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमात 18 वर्षांपासून अर्ज करता येतो. 18 ते 26 वयोगटासाठी युवा स्वयंसेवक, 27 वर्षांपुढील आणि किमान तीन वर्षांचा अनुभव असलेल्यांसाठी विशेषज्ञ आणि 35 वर्षांपुढील, किमान 15 वर्षे अनुभव असलेल्यांसाठी तज्ज्ञ, असे गट आहेत. घरबसल्या ऑनलाइन स्वयंसेवेचाही पर्याय आहे.

‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’मध्ये साधारण दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव अपेक्षित असतो. डॉक्टर आणि नर्सप्रमाणेच औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पाणीपुरवठा व स्वच्छतेचे अभियंते, लेखापाल यांचीही गरज असते. अनेकांची नियुक्ती काही महिने ते वर्षभराची असते, शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञांना मात्र कमी मुदतीसाठीही बोलावले जाते. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील अनेक देशांत फ्रेंच चालते, त्यामुळे फ्रेंच येत असल्यास निवडीची शक्यता वाढते.

अर्ज करण्यापूर्वी काय तपासावे?

- पैसे कोण मागत आहे? संयुक्त राष्ट्रे भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर उमेदवाराकडून शुल्क घेत नाहीत. त्यांच्या नावाने ‘प्रोसेसिंग फी’ मागणारा मेल आला तर तो फसवणुकीचा समजावा.

- बोलावले कोणी? स्थानिक रुग्णालयाने किंवा आरोग्य विभागाने गरज कळवली आहे का, की संस्थेने सहल आधी ठरवून गाव नंतर शोधले?

- तिथे काम करण्याचा परवाना आहे का? भारतातील नोंदणी दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही. तिथल्या वैद्यकीय किंवा परिचर्या परिषदेची परवानगी संस्था मिळवून देते का, हे लेखी विचारावे. भारतात जे काम करण्याची आपल्याला मुभा नाही, ते तिथेही करू नये.

- मुदत किती? भाषेचे आणि स्थानिक रीतींचे प्रशिक्षण आहे का? दुभाषी मिळणार आहे का?

- विमा, आजारी पडल्यास किंवा परिस्थिती बिघडल्यास बाहेर काढण्याची व्यवस्था कोणाची?

- लसीकरण. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची लस आवश्यक असते. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी ग्राह्य होते आणि जुलै 2016 पासून ते आयुष्यभरासाठी वैध मानले जाते. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

- फोटो. रुग्णाचा, विशेषतः लहान मुलाचा फोटो त्याच्या पालकांना विचारल्याशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नये. आपल्या मुलाचा असा फोटो कोणी टाकलेला चालेल का, एवढा विचार केला तरी पुरे.

हा अनुभव भारतात मिळू शकतो का?

नक्कीच. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. रुग्णालय कसे हवे, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठी इमारत नको, आमच्या घरांसारख्या झोपड्या हव्यात, असे उत्तर आले. रुग्णालयाला नाव मिळाले ते दंतेश्वरी देवीचे. पुढे गावातल्याच महिलांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरी काळजी घेण्याची जी पद्धत तिथे उभी राहिली, तिचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि अनेक देशांनी त्याची दखल घेतली.

मेळघाट, नंदुरबार, गडचिरोली या भागांत कोरकू, भिली, गोंडी बोलणाऱ्या रुग्णासमोर बसलेला पुण्या-मुंबईचा डॉक्टरही बाहेरचाच असतो. भूमका किंवा भगताकडे आधी जाणाऱ्या कुटुंबाला ओरडायचे, की त्या भगतालाच विश्वासात घेऊन रुग्ण वेळेत दवाखान्यात पाठवायला सांगायचे, हा निर्णय त्यालाही घ्यावा लागतो. परदेशी जाण्याची इच्छा असलेल्यांनी आधी अशा ठिकाणी सहा महिने काम करून पाहिले, तर अर्जात लिहायला अनुभव मिळेल आणि आपल्याला हे काम झेपते का, तेही कळेल.